काल, खाल, गाल, घाल

आजचा विषय जाहीर झाल्यावर एका जुन्या मित्राचा फोन आला. "तू तत्त्वज्ञानाचा माणूस, तान्ह्या मुलांच्या मेंदूत कशाला शिरतोस?" प्रश्न रास्त आहे. उत्तर तासाभरात आपोआप मिळेल, अशी आशा आहे.

सुरुवातीला माझ्याबरोबर चार शब्द पुटपुटा. काल, खाल, गाल, घाल. लाजू नका, मोठ्याने म्हटलं तरी चालेल. चारही शब्दांत पुढचं 'आल' तेच आहे. जिभेचा मागचा भाग चारही वेळा टाळूला टेकतो आणि सुटतो, जागाही तीच. मग फरक कुठे आहे? गळ्यातल्या स्वरतंतूंची थरथर केव्हा सुरू होते, यात तो आहे. 'काल' म्हणताना जीभ सुटते आणि जवळजवळ लगेच थरथर सुरू होते. 'खाल' म्हणताना मध्ये थोडी फट राहते आणि त्या फटीत नुसता श्वास वाजतो. 'गाल' म्हणताना जीभ सुटण्याआधीच थरथर चालू असते. 'घाल' म्हणतानाही ती आधीच चालू असते, शिवाय जीभ सुटल्यावर तिच्यात श्वास मिसळतो. गळ्यावर बोट ठेवून बघा, थोडंफार जाणवेल. हा सगळा खेळ काही मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या काही हजारांश भागांचा आहे. पापणी लवायला शंभराहून अधिक मिलिसेकंद लागतात. 'काल' आणि 'खाल' यांच्यातली सीमा त्याच्या निम्म्याहूनही कमी वेळात पार होते. आणि आपल्या घरातलं पाळण्यातलं पोर ही सीमा ओळखतं.

ते कसं ओळखतं, हा प्रश्न प्रयोगशाळेत अलीकडे गेला. त्याआधी तो आमच्याकडे, म्हणजे दर्शनशास्त्रात, फार काळ मुक्कामाला होता. नैयायिकांच्या मते उच्चारलेला वर्ण क्षणात नाहीसा होतो. 'काल' मधला 'ल' येईपर्यंत 'का' गेलेला असतो. मग पूर्ण शब्द कुणी आणि कधी ऐकला? मीमांसकांनी वर्ण नित्य मानले, तरी ते एकामागून एकच प्रकट होतात, त्यामुळे अडचण त्यांचीही सुटली नाही. दोन्ही पक्षांनी साधारण एकच तोडगा काढला : आधीच्या वर्णांचे संस्कार मनात उरतात आणि त्यांच्या सोबतीने शेवटचा वर्ण अर्थ देतो. चौथ्या शतकाच्या अखेरीस उत्तर आफ्रिकेत ऑगस्टीनही याच खड्ड्यात पडला. दीर्घ अक्षर ऱ्हस्वाच्या दुप्पट आहे हे मी मोजतो, पण मोजायच्या वेळी दोन्ही निघून गेलेली असतात, मग मी मोजतो तरी काय? मनात राहिलेली खूण मोजतो, असं त्याचं उत्तर. भर्तृहरीने आणखी एक बारकावा टिपला. माणूस भरभर बोलो की सावकाश, ऱ्हस्व तो ऱ्हस्वच ऐकू येतो. म्हणून त्याने ध्वनीचे प्राकृत आणि वैकृत असे दोन थर मानले. ऱ्हस्वदीर्घ पहिल्या थरातले, द्रुत-विलंबित गती दुसऱ्यातली. हा भर्तृहरी लक्षात ठेवा, थोड्या वेळाने तो परत येणार आहे.

आता न्यूयॉर्कला जाऊ. १९३५ साली स्थापन झालेली हॅस्किन्स लॅबोरेटरीज ही संस्था पुढे तिथे आली. दुसऱ्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी छापील मजकूर 'वाचून दाखवणारं' यंत्र बनवण्याचं काम तिच्याकडे आलं. कल्पना सोपी होती : प्रत्येक अक्षराला एक ठरावीक आवाज द्यायचा, लोक तो शिकतील. ॲल्विन लिबरमन आणि फ्रँक्लिन कूपर यांनी नाना तऱ्हेचे आवाज करून पाहिले. एकही धड चालला नाही. आवाजांचा वेग वाढवला की ऐकणाऱ्याला नुसती घरघर ऐकू यायची. पण बोलताना आपण सेकंदाला दहा-पंधरा वर्ण सहज उच्चारतो आणि समोरच्याला ते कळतात! लिबरमनचं पुढचं आयुष्य या कोड्यात गेलं. वर्ण माळेतल्या मण्यांसारखे सुटे येतच नाहीत, ते एकमेकांत मुरलेले असतात, हे त्याच्या ध्यानात आलं. अंधांसाठीचं यंत्र फसलं आणि त्यातून उच्चारविज्ञानाची एक अख्खी शाखा निघाली.

त्याच संस्थेशी जोडलेल्या ले लिस्कर आणि आर्थर अब्रॅमसन यांनी १९६४ साली एक निबंध प्रसिद्ध केला. तो मराठी माणसाने माहीत करून घ्यावा असा आहे. तोंडातला अडसर सुटणं आणि स्वरतंतूंची थरथर सुरू होणं, या दोन घटनांमधलं अंतर मिलिसेकंदांत मोजायचं, ही त्यांची युक्ती. या अंतराला त्यांनी नाव दिलं व्हॉइस ऑनसेट टाइम. आपण त्याला घोषारंभाचा काळ म्हणू. थरथर नंतर सुरू झाली तर आकडा धन, आधी सुरू झाली तर ऋण. अकरा भाषा त्यांनी या एका फूटपट्टीने मोजल्या. इंग्रजीत शब्दारंभीच्या ब-चा आकडा शून्याच्या आसपास, प-चा साठाच्या आसपास आला. आपला साधा 'प' शून्याजवळ पडतो. म्हणून आपण इंग्रजी 'पिन' हा शब्द मराठी 'प'ने म्हटला, तर इंग्रज कानाला तो 'बिन' वाटू शकतो. त्या अकरा भाषांत तमिळ होती, हिंदी होती आणि मराठीही होती.

पट्टी नऊ भाषांत कमीअधिक सरळ चालली असती, पण हिंदी आणि मराठीने ती अडवली. कुठे? 'घाल'पाशी. ग आणि घ या दोहोंत थरथर आधीच सुरू असते. दोघांचे आकडे ऋण, एकमेकांत मिसळलेले. फरक जीभ सुटल्यानंतरच्या श्वासमिश्रित घोषात आहे आणि तो या पट्टीवर उमटत नाही. लिस्कर आणि अब्रॅमसन प्रामाणिक माणसं होती, त्यांनी हे निबंधातच नोंदवलं. पण पट्टी इतकी सोयीची होती की पुढच्या बहुतेकांनी नोंद बाजूला ठेवली आणि पट्टी उचलली. शास्त्रात असं घडतं. तत्त्वज्ञानात तर रोजच घडतं, तो भाग वेगळा.

ही पट्टी तान्ह्या मुलांपर्यंत पोचली १९७१ साली. अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात ब्राउन विद्यापीठ आहे. तिथे पीटर आयमस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक महिन्याची आणि चार महिन्यांची मुलं घेतली. एवढ्याशा जिवाला विचारायचं कसं? तोंडात चोखणी द्यायची आणि तिला दाब मोजणारं यंत्र जोडायचं. मूल जोराने चोखेल तसा 'बा बा' आवाज ऐकू येणार. हे कळलं की मूल भराभर चोखू लागतं. काही मिनिटांत कंटाळतं, चोखणं मंदावतं. मग आवाज बदलायचा. बदल कळला तर कुतूहल जागं होऊन चोखणं पुन्हा वाढेल, नाही कळला तर मंदच राहील. घरी नवा खुळखुळा दाखवल्यावर काय होतं ते आठवा, तत्त्व तेच आहे.

आवाज कृत्रिम होते. एका गटात अंतर २० वरून ४० मिलिसेकंदांवर नेलं, म्हणजे इंग्रजीतला बा जाऊन पा आला. दुसऱ्या गटातही फरक विसाचाच, पण सीमेच्या एकाच बाजूला : ६० वरून ८० किंवा उणे २० वरून शून्य. पहिल्या गटातली मुलं चमकून पुन्हा चोखू लागली. दुसऱ्या गटातली आवाज न बदललेल्या मुलांहून फारशी वेगळी वागली नाहीत. फरक तेवढाच, तरी एका ठिकाणी तो कळतो आणि दुसऱ्या ठिकाणी नाही. मोठ्यांच्या कानाचं हेच वैशिष्ट्य लिबरमनने १९५७ साली दाखवलं होतं. आता ते एका महिन्याच्या बाळात दिसलं.

तो काळ डोळ्यांपुढे आणा. भाषा हे सवयीचं फळ आहे या स्किनरच्या मतावर चॉम्स्कीने १९५९ साली घणाघाती टीका केली होती. भाषेची बीजं जन्मतःच असतात, असं म्हणणारा पक्ष जोरात होता. त्याला हा पुरावा म्हणजे दिवाळीच. आयमसच्या निबंधात 'ही क्षमता जैविक घडणीचा भाग असू शकेल' असं जपून म्हटलेलं होतं. पुढे सांगताना लोकांनी 'असू शकेल'चं 'आहे' केलं आणि त्याला 'फक्त माणसात' ही शेपटीही जोडली.

ही शेपटी चारच वर्षांत एका उंदरासारख्या प्राण्याने कुरतडली. चिनचिला हा अँडीज पर्वतातला मऊ लोकरीचा प्राणी. त्याची श्रवणकक्षा माणसाच्या बरीच जवळ असल्याने कानाच्या संशोधकांकडे तो असे. १९७५ साली पॅट्रिशिया कूल आणि जेम्स मिलर यांनी सेंट लुईसमधल्या बधिरांसाठीच्या संस्थेत चिनचिलांना 'डा' आणि 'टा' यांची दोन टोकं ओळखायला शिकवली. मग मधले आवाज ऐकवले. या मुक्या प्राण्यांनी सीमा आखली ती इंग्रजी बोलणाऱ्या माणसांच्या सीमेच्या अगदी जवळ! दोन वर्षांनी डेव्हिड पिसोनीने बोलण्याचा संबंधच तोडला. नुसते दोन सूर, एक आधी, एक नंतर. आधी कोणता वाजला हे सांगायला माणसाला साधारण २० मिलिसेकंदांचं अंतर लागतं, त्याहून कमी असेल तर दोन्ही एकदम वाजल्यासारखे वाटतात.

माझ्या मते या इतिहासातलं सगळ्यात मोठं वळण इथे आहे. त्याचा अर्थ बराच काळ कुणी नीट लावला नाही. मुलाला जन्मतः भाषा मिळते असं यातून निघत नाही. मिळतो तो कान आणि त्या कानाची एक नैसर्गिक धार. भाषांनी आपल्या सीमा बहुधा त्या धारेच्या आसपास आखल्या, कारण तिथे फरक स्वस्तात ऐकू येतो. मूल भाषेसाठी घडलं यापेक्षा भाषा मुलाच्या कानाबरहुकूम घडली, हे म्हणणं मला जास्त पटतं.

सगळ्याच सीमा त्या धारेवर नसतात. ग्वाटेमालातल्या स्पॅनिश घरांमधल्या चार ते साडेसहा महिन्यांच्या मुलांना इंग्रजीची सीमा ऐकू आली, स्वतःच्या भाषेची नाही! केनियातल्या किकुयू घरांतल्या दोन महिन्यांच्या मुलांनी त्यांच्या भाषेत नसलेला भेदही ओळखला. म्हणजे काही भेद आयते मिळतात, काही कमवावे लागतात आणि आयते मिळालेले जातातही. जाण्याची ही गोष्ट व्हँकुव्हरच्या जॅनेट वर्करने तपासली, तीही आपल्या शेजारच्या हिंदीवर. इंग्रजी घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या मुलांना त आणि ट यांतला फरक कळायचा. थ आणि ध यांतलाही कळायचा. आवाज बदलला की मान वळवायची, बरोबर असेल तर काळ्या काचेमागचं खेळण्यातलं जनावर उजळून ढोल बडवायला लागायचं, असा प्रयोग. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्यांना मात्र त-ट मध्ये काही केल्या फरक लागेना. १९८४ साली तिने दाखवलं की दहा ते बारा महिन्यांपर्यंत ही क्षमता मावळू लागते. ज्या भेदाने घरात कुणाचंच काही अडत नाही, तो मूल सोडून देतं. तत्त्वज्ञ मंडळी 'कोरी पाटी की जन्मजात कल्पना' म्हणून तीनशे वर्षं भांडली. पाटीवर आधीच थोडं लिहिलेलं असावं आणि पहिल्या वर्षात त्यातलं काही पुसलंही जावं, ही शक्यता कुणाच्या फारशी मनात आली नाही.

आता भर्तृहरी. आयमसने १९८० साली जोआन मिलरबरोबर दोन ते चार महिन्यांच्या मुलांना 'बा' आणि 'वा' यांच्या मधले आवाज ऐकवले. ब मध्ये ओठ झटकन सुटतात, व मध्ये सावकाश. पण झटकन म्हणजे किती? मोठ्यांच्या बाबतीत ते अक्षराच्या एकूण लांबीवर ठरतं. अक्षर लांबवलं तर 'व' ऐकू यायला ओठ सुटण्याचा वेळही जास्त लागतो. मुलांचंही तेच निघालं. बोलण्याची गती वजा करून मूळ काळ ऐकण्याचं जे काम भर्तृहरीने दोन थरांनी समजावलं होतं, ते तीन महिन्यांचं मूल करतं! आमच्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं असं मी म्हणणार नाही, त्या जातीच्या व्याख्यानांचा मला कंटाळा आहे. त्यांना प्रश्न नेमका दिसला होता, एवढंच. ते काही थोडं नाही.

इथपर्यंत प्रकरण प्रयोगशाळेतलं होतं. पुढचं घराघरांतलं आहे. १९७३ साली केंब्रिजमध्ये पॉला टॅलल आणि माल्कम पिअर्सी यांनी काही विशिष्ट मुलं तपासली. ऐकू नीट येतं, बुद्धी नीट, पण भाषा येत नाही. दोन सूर सावकाश वाजवले तर ही मुलं क्रम बरोबर सांगत. भराभर वाजवले की गडबड. पुढे 'बा' आणि 'डा' यांच्या आरंभीचा वेगाने बदलणारा भाग ४३ मिलिसेकंदांवरून ९५ पर्यंत ताणला, तर ती ओळखू लागली. म्हणजे दोष भाषेत नाही, मेंदूच्या घड्याळात आहे, असा विचार पुढे आला. १९९६ साली टॅलल आणि मेंदूशास्त्रज्ञ मायकेल मर्झेनिक यांनी ताणलेल्या बोलण्याचे संगणकी खेळ बनवले. चार आठवड्यांत थोड्या मुलांमध्ये घवघवीत फरक दिसल्याचं 'सायन्स'मध्ये छापून आलं. त्याच वर्षी कंपनी निघाली आणि खेळ शाळाशाळांत गेले.

आशेने ताटकळलेल्या आईबापांना दोष कोण देईल? पण २००८ साली २१६ मुलांवर झालेल्या चाचणीत दिसलं ते असं : खेळ खेळणारी मुलं सुधारली खरी. साधे संगणकी खेळ खेळलेली आणि वाचा-उपचारतज्ज्ञासमोर बसलेली मुलंही तितकीच सुधारली. २०११ साली अनेक चाचण्यांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हा या कार्यक्रमाचा खास असा उपयोग सापडला नाही. टॅललचं मूळ निरीक्षण खोटं होतं असं मी म्हणत नाही. अशा काही मुलांच्या श्रवणात काळाचा गोंधळ असतो. पण सोबत असणं म्हणजे कारण असणं नव्हे, आणि कारण सापडलं तरी औषध सापडलेलं नसतं. न्यायशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आम्ही हे शिकवतो.

आणखी एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. सगळ्यांचं ध्यान वीस-चाळीस मिलिसेकंदांवर खिळलं होतं, पण बोलण्यात एक संथ काळही असतो, अक्षरांच्या चढउताराचा, लयीचा. चार दिवसांचं फ्रेंच बाळ फ्रेंच आणि रशियन वेगळं ओळखतं, हे पॅरिसमध्ये जाक मेलेरच्या गटाने १९८८ साली दाखवलं. गर्भात वर्ण स्पष्ट पोचत नाहीत, लय पोचते. केंब्रिजच्या उषा गोस्वामी २००२ सालापासून सांगताहेत की वाचनात अडखळणाऱ्या बऱ्याच मुलांना आवाज किती झपकन चढतो हे नीट जाणवत नाही. अडचण या संथ लयीत असावी, असं त्यांचं म्हणणं. हा वाद अजून चालू आहे. आपल्या आज्या मांडीवर थोपटत लयीत काहीबाही म्हणत असत. त्याला उपचार म्हणू नका, पण बंदही करू नका.

शेवटी १९७१ कडे परत जाऊ. आयमसचा निबंध ज्या वर्षी गाजला, त्याच वर्षी डॉन ज्युएट आणि जॉन विलिस्टन यांचा एक नीरस वाटणारा निबंध आला. कानात 'टिक' असा आवाज सोडला की पुढच्या दहा मिलिसेकंदांत मेंदूच्या देठातून लहानशा विद्युतलहरी ठरलेल्या क्रमाने उठतात. डोक्यावर चिकटवलेल्या तारांनी त्या टिपता येतात, हजारभर टिकटिकींची सरासरी काढावी लागते एवढंच. झोपलेल्या बाळावर ही चाचणी करता येते. बाळाने चोखायला नको की मान वळवायला नको. आपल्याकडच्या दवाखान्यांत 'बेरा' म्हणतात ती हीच.

त्याच्या पुढची लहर मेंदूच्या वरच्या थरांतून येते. नवजात बाळात ती आवाजानंतर सुमारे ३०० मिलिसेकंदांनी येते, दोन-तीन वर्षांत सव्वाशेपर्यंत उतरते, मोठ्यांत साठाच्या आसपास येते. म्हणजे मेंदूचं घड्याळ ऐकून ऐकून चालू लागतं. ऐकलंच नाही तर? अनू शर्मा आणि सहकाऱ्यांनी २००२ साली जन्मतः बहिऱ्या मुलांच्या लहरी मोजल्या. ज्यांना साडेतीन वर्षांच्या आत कॉक्लियर इम्प्लांट बसवलं, त्यांची लहर वयाला साजेशा वेळेला येऊ लागली. सात वर्षांनंतर बसवलं, त्यांची बहुतेकांची मागेच राहिली.

आमच्या नात्यात एक मुलगा आहे. दोन वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. "याचा काकाही उशिराच बोलायला लागला होता" असं सगळे म्हणत होते, मीही त्यांतलाच. भांडं पडलं की वळून बघतो, मग ऐकू येतंच की, असा आमचा युक्तिवाद. एका डॉक्टरांनीही वाट बघा म्हणून सांगितलं. भांडं पडल्याची धडधड ऐकू येणं आणि 'काल'मधली ती वीस-तीस मिलिसेकंदांची फट ऐकू येणं यांत केवढं अंतर आहे, हे आयुष्यभर शब्दप्रमाणावर बोलणाऱ्या माणसाला तेव्हा सुचलं नाही. बेरा झाली तेव्हा तो चार वर्षांचा होत आला होता. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे, आता तपासणी लवकर व्हायला हरकत नाही. पण घरात काकांचं उदाहरण देणारा माणूस असतोच.

आता तो कॉलेजात आहे, माझ्याशी फोनवर बोलतो, पुष्कळ बोलतो. संदर्भाने सगळं ओळखतो. नुसते सुटे शब्द म्हणून दाखवले तर 'गाल' आणि 'घाल' यांत अजून त्याची गल्लत होते.